हरवलेल्या किल्लीचा शोध : जुन्या संगणकीय नोंदींच्या पुनर्वाचनाचा इतिहास

व्यापारी घराण्यांत वहीला लक्ष्मीचे स्थान दिले जाते. दिवाळीत वहीपूजन होते, पहिल्या पानावर 'श्री'ची मांडणी होते आणि मगच नव्या वर्षाचा पहिला आकडा लिहिला जातो. रोजमेळात दररोजची जमा-नावे, खतावणीत प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि वर्षअखेरीस ताळा जुळविण्याची शिस्त, या तीन गोष्टींवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. जैन समाजाच्या धार्मिक व सामाजिक संस्थांनीही हीच शिस्त अंगीकारली. म्हणूनच साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी किती द्रव्य कोणत्या कार्यासाठी अर्पण केले, हे जुन्या वह्या उघडून सांगता येते.

परंतु त्यानंतरच्या, म्हणजे १९८५ ते २००५ या काळातील नोंदींविषयी असे खात्रीने म्हणता येईल काय ? प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. जुने ते दुर्बोध आणि नवे ते सुबोध, अशीच सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात १९५० सालची लाल कापडी बांधणीची वही कपाटातून काढली की लगेच वाचता येते आणि १९९० सालची फ्लॉपी हातात घेऊन मनुष्य नुसता पाहत राहतो. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या इतिहासातील हा मधला कालखंड असा मुका होऊन बसतो. त्याला पुन्हा बोलते कसे करता येते, याचा इतिहास जितका मनोरंजक आहे तितकाच उद्‌बोधकही आहे.

पेढीवरची सांकेतिक खूण

या विषयाचे मर्म समजण्यासाठी संगणकाकडे जाण्यापूर्वी कापडाच्या पेढीवर क्षणभर थांबणे इष्ट ठरेल. कापडाच्या ठाणाला लावलेल्या चिठ्ठीवर विक्रीचा भाव उघड लिहिलेला असे. खरेदीचा भाव मात्र अक्षरांत लिहिण्याची पद्धत अनेक पेढ्यांवर होती. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्दसमूह शेठजी निश्चित करीत. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन आणि दहावे म्हणजे शून्य. तिसरे अक्षर 'र' आणि पाचवे 'म' असेल, तर चिठ्ठीवरील 'रम' याचा अर्थ पस्तीस रुपये. गिऱ्हाईकाला त्यातून काहीच उमगत नसे आणि दुकानातील माणसाला मात्र कितीपर्यंत उतरायचे हे क्षणार्धात कळत असे.

हा शब्दसमूह बहुधा कोठेही लिहून ठेवलेला नसे. तो शेठजी, मुनीम आणि जुने गुमास्ते यांच्या स्मरणात असे. ही माणसे गेली की चिठ्ठी शाबूत, शाई शाबूत, अक्षरही स्वच्छ, पण अर्थ मात्र नाहीसा. नोंद नष्ट होण्याचे दोन प्रकार आहेत, हे यावरून ध्यानी येते. एक म्हणजे कागद फाटणे, आणि दुसरा म्हणजे वाचण्याची किल्ली हरवणे. संगणकीय नोंदींच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकाराने फार मोठी हानी केली आहे.

घोडबंदर रोड आणि माळ्यावरचा डबा

ठाण्यातील माजिवड्यापासून गायमुखमार्गे घोडबंदर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव हीच मुळी एका जुन्या व्यापाराची नोंद आहे. वसईच्या खाडीवरील बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. व्यापार केव्हाच थांबला, नाव तेवढे राहिले. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही या मार्गावरील एके काळची शेतीवाडीची गावे. १९९० नंतर तेथे गृहसंकुले उभी राहू लागली आणि काळबादेवी, भुलेश्वर यांसारख्या मुंबईतील जुन्या वस्त्यांमधून अनेक जैन कुटुंबे या परिसरात वास्तव्यास आली. कच्छ, सौराष्ट्र, मारवाड, दक्षिण महाराष्ट्र अशा विविध प्रांतांचा वारसा त्यांनी सोबत आणला.

या स्थलांतराचा काळ आणि पेढ्यांवर व संस्थांत संगणक येण्याचा काळ बराचसा एकच होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटविणारा संगणक, सव्वापाच इंची मऊ फ्लॉपी आणि खडखडाट करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, हे दृश्य त्या पिढीला चांगलेच स्मरत असेल. एखादा होतकरू तरुण प्रोग्रॅमर यायचा, आठ-पंधरा दिवसांत सभासदांची यादी, देणगीच्या पावत्या, उधारीची खाती यांसाठी एक छोटासा कार्यक्रम लिहून द्यायचा आणि पुढच्या कामाला निघून जायचा. आत काय व कसे ठेवले आहे, याचा कागद मागण्याचे कोणाला सुचले नाही आणि देण्याचे त्याला सुचले नाही. पुढे जुना संगणक भंगारात गेला. फ्लॉपींचा डबा मात्र 'महत्त्वाचे आहे' म्हणून माळ्यावर ठेवला गेला, आणि घर बदलताना तो पुढच्या घराच्या माळ्यावर गेला.

डीबेसची जन्मकथा

त्या काळातील असे बहुतेक कार्यक्रम 'डीबेस' किंवा त्याच्या भावंडांत लिहिलेले असत. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अंतराळ संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत वेन रॅटलिफ हे काम करीत. १९७८ च्या सुमारास फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज बांधण्यासाठी, म्हणजे निव्वळ हौसेपोटी, त्यांनी घरच्या लहानशा संगणकावर नोंदी सांभाळणारा एक कार्यक्रम लिहिला आणि त्याला 'व्हल्कन' असे नाव दिले. प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावर चालणाऱ्या एका प्रणालीची कल्पना त्यामागे होती. पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या व्यावसायिकांनी तो 'डीबेस टू' या नावाने बाजारात आणला. कंपनीचे नाव ठेवले 'ॲश्टन-टेट'. गमतीची गोष्ट अशी की, त्यात ॲश्टन नावाचा कोणी भागीदार नव्हताच. नाव भारदस्त वाटावे एवढाच हेतू होता !

१९८४ साली 'डीबेस थ्री' आले आणि त्याच्या '.डीबीएफ' नावाच्या फाइली जगभर पसरल्या. फॉक्स, क्लिपर अशा प्रतिस्पर्ध्यांनी त्याच रचनेच्या फाइली वाचणारी उत्पादने काढली. ॲश्टन-टेटने १९८८ साली फॉक्सविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९९० साली न्यायालयाने मूळ प्रणालीची माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीचे हक्कच अवैध ठरविले आणि १९९१ साली तो आदेश मागेही घेतला. त्याच वर्षी ॲश्टन-टेट बोरलँड कंपनीकडे गेली आणि १९९२ साली फॉक्स मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आली. फॉक्सप्रोची अखेरची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ च्या जानेवारीत तिचे साहाय्यही थांबले.

या भाऊबंदकीतून एक फायदा मात्र झाला. अनेकांनी तीच फाइल उघडण्याचा प्रयत्न केल्यामुळे तिची रचना सर्वांना ठाऊक झाली. ज्या फाइलीची किल्ली अनेकांकडे, ती फाइल दीर्घायुषी, हा धडा त्यातून मिळतो. याउलट, जो कार्यक्रम एकाच कंपनीच्या बंदिस्त पद्धतीने फाइली ठेवतो, त्याचे भवितव्य त्या कंपनीवर अवलंबून असते. आणि ज्या फाइलीची रचना एकाच प्रोग्रॅमरने आपल्या मनाने ठरविली, तिचे भवितव्य त्या एका माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेले असते.

फाइलीच्या पोटात काय असते ?

डीबेसची फाइल ही वस्तुतः एक आखीव वहीच होय. आरंभी वहीच्या पहिल्या पानासारखा मथळ्याचा भाग असतो. त्यातील पहिली ३२ घरे फाइलीचा प्रकार, शेवटच्या बदलाची तारीख, एकूण ओळी किती आणि प्रत्येक ओळ किती लांबीची, हे सांगतात. संगणकाच्या भाषेत अशा प्रत्येक घराला बाइट म्हणतात. पुढे प्रत्येक रकान्यासाठी ३२ घरांचे एक वर्णन असते. त्यात रकान्याचे नाव, त्यात अक्षरे आहेत की आकडा की तारीख आणि त्याची रुंदी किती, हे नमूद असते. त्यानंतर ओळीमागून ओळी सुरू होतात.

समजा, देणगीदाराच्या नावासाठी ३० घरे, गावासाठी २०, रकमेसाठी १० आणि तारखेसाठी ८ घरे ठेवली आहेत. यांची बेरीज ६८. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खुणेचे घर असते, ते धरून ६९. म्हणजे दर ६९ घरांनंतर नवी ओळ सुरू होणार. १.४४ मेगाबाइटच्या एका साडेतीन इंची फ्लॉपीवर अशा सुमारे २१ हजार ओळी मावत. एका छोट्या चौकोनी चकतीत एका संस्थेचा पिढीभराचा पावतीसंग्रह मावत असे, यात अतिशयोक्ती नाही.

मथळ्याचा भाग खराब झाला किंवा फाइलीची रचनाच अज्ञात असली, तरी जाणकार मनुष्य हताश होत नाही. छापील कापडावरील नक्षी किती अंतराने पुन्हा येते, हे मोजून कापडवाला छपाईच्या ठशाची लांबी सांगतो. तसेच येथेही करता येते. प्रत्येक घरातील आकडा जसाच्या तसा दाखविणारे साधन लावायचे आणि ओळीची रुंदी ५०, ५१, ५२ अशी बदलत जायचे. योग्य रुंदी सापडली की पडद्यावरील गोंधळ एकाएकी सरळ रकान्यांत उभा राहतो. नावांखाली नावे, रकमांखाली रकमा. मग हाताशी असलेली एखादी जुनी छापील पावती घेऊन तिचा क्रमांक, रक्कम व तारीख फाइलीत शोधली की कोणता रकाना कशाचा, हे निश्चित होते. एक खात्रीची पावती शंभर तर्कांपेक्षा अधिक मोलाची ठरते.

सर्वच फाइली इतक्या सरळ नसतात. काही कार्यक्रम आकडे अक्षरांत न लिहिता आकुंचित रूपात ठेवतात, काहींत ओळींची लांबी सारखी नसते. लांबलचक शेऱ्यांसाठी डीबेस वेगळीच जोडफाइल ठेवी. ती हरवली तर शेरे गेले. शोधासाठी केलेली अनुक्रमणिकेची फाइल हरवली, तर मात्र काही बिघडत नाही, ती मूळ फाइलीवरून पुन्हा करता येते. म्हणून डब्यातील एकही फाइल निरुपयोगी समजून टाकू नये.

या सर्वांच्या आधी फ्लॉपी वाचता यावी लागते. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत चकतीवर बुरशी धरते. अशी फ्लॉपी तशीच यंत्रात घातली तर चकतीही जाते आणि यंत्राचे वाचनशीर्षही खराब होते. जाणकार प्रथम चकती स्वच्छ करतो, लेखनास प्रतिबंध केलेला असल्याची खात्री करून घेतो, संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रत काढतो आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करतो. मूळ वस्तूला हात न लावण्याचा हा नियम जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना नवा नाही.

मराठी अक्षरांचा घोळ

महाराष्ट्रातील नोंदींपुढे आणखी एक अडचण उभी राहते. डीबेस मूलतः इंग्रजी अक्षरांसाठी तयार झाले होते. मराठी, गुजराती, हिंदी नावे त्यात कशी लिहावयाची ? १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने 'जिस्ट' तंत्राद्वारे ही सोय उपलब्ध केली. या तंत्राचा पाया कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये घातला गेला होता. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच सुमारास छपाईच्या क्षेत्रात पुण्याची श्रीलिपी, तसेच आकृती व इतर अनेक प्रणाली रूढ झाल्या.

या प्रणालींतील फरक महत्त्वाचा आहे. इस्की उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठविते. छपाईचे फॉन्ट मात्र दिसणाऱ्या आकारांच्या क्रमाने साठवीत. 'शांतिलाल' या नावात पहिली वेलांटी उच्चाराने 'त'नंतर येते, परंतु डोळ्यांना ती आधी दिसते. फॉन्टच्या फाइलीत ती आधीच लिहिलेली असते. शिवाय प्रत्येक कंपनीचा आकारांचा क्रमांक निराळा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की देणगीदारांच्या नावांऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. १९९१ साली आलेल्या युनिकोड या जागतिक प्रणालीने प्रत्येक वर्णाला एकच कायमचा क्रमांक दिला. इस्कीमध्ये 'क'चा क्रमांक १७९ होता, युनिकोडमध्ये तो २३२५ आहे. तथापि युनिकोड सर्वसामान्यांच्या वापरात येईपर्यंत बराच काळ लोटला आणि त्या काळातील फाइली जुन्याच संकेतांत राहिल्या.

फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. नाव ठाऊक नसेल तर येथेही समाजाची ओळख कामास येते. यादीत सर्वांत अधिक वेळा येणारे आडनाव कोणते असेल ? 'शाह' असण्याचा संभव मोठा. गावाच्या रकान्यात पुनःपुन्हा येणारे शब्द कोणते ? 'मुंबई' आणि 'ठाणे'. अशा चार-पाच शब्दांवरून दहा-बारा आकार उलगडतात, त्यांवरून पुढची नावे लागतात आणि हळूहळू संपूर्ण तक्ता तयार होतो. शब्दकोडे सोडविण्यासारखेच हे काम आहे. फरक इतकाच की, येथे प्रत्येक उत्तर म्हणजे एका माणसाचे नाव असते.

वर्ष कोणते आणि खाते कोणते ?

अक्षरे लागली म्हणजे अर्थ लागला, असे मात्र नव्हे. कल्पना करावी की, वर्षाच्या रकान्यात '५२' हा आकडा आहे. तरुण अभियंता त्यास १९५२ समजेल. परंतु पेढीवर व संस्थेत विक्रम संवत चालत असेल, तर हे २०५२ म्हणजे इसवी सन १९९५-९६ होय. त्याच वर्षी वीर निर्वाण संवत २५२२ होते. म्हणजे '९५', '५२' आणि '२२' हे तीन आकडे एकाच वर्षाचे असू शकतात. जुन्या मुनिमाला हे सांगावे लागत नाही. संगणकाला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. 'ह.' म्हणजे हस्ते, 'गु.दा.' म्हणजे गुप्तदान, हेही तसेच.

याहून गंभीर प्रश्न खात्याचा आहे. जागा वाचविण्यासाठी प्रोग्रॅमर निधीचे नाव न लिहिता एक आकडा लिहीत. १, २, ३, ४. त्यातील कोणता आकडा देवद्रव्याचा, कोणता ज्ञानद्रव्याचा, कोणता जीवदयेचा आणि कोणता साधारण खात्याचा ? श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य साधारण कार्यासाठी वापरता येत नाही, हे सर्वश्रुत आहे. एका रकान्यातील एका आकड्याचा अर्थ चुकीचा लावला, तर दात्याने ज्या भावनेने द्रव्य अर्पण केले ती भावनाच उलटी नोंदली जाईल. हा केवळ संगणकाचा प्रश्न राहत नाही, तो विश्वस्तपणाचा प्रश्न होतो.

येथे हिशेबशास्त्राची जुनी शिस्त उपयोगी पडते. सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० च्या अधिनियमानुसार हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. त्या अहवालातील ताळेबंदात निधीनिहाय रकमा छापलेल्या असतात. फाइलीतील त्या वर्षाच्या '२' आकड्याच्या सर्व रकमांची बेरीज जर ज्ञान खात्याच्या जमेशी तंतोतंत जुळली, तर '२' म्हणजे ज्ञानद्रव्य, असे मानण्यास सबळ आधार मिळतो. दोन-तीन वर्षांचा ताळा जुळला की शंका उरत नाही. पिवळा पडलेला कागदी ताळेबंद अशा रीतीने संगणकाच्या फाइलीची किल्ली बनतो. बेरीज जुळली नाही, तर अंदाजाने भर न घालता 'अनिर्णित' असा शेरा लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

पुसलेली ओळ आणि गुप्तदान

डीबेसमध्ये एखादी नोंद रद्द केली, तरी ती लगेच नाहीशी होत नसे. ओळीच्या आरंभीच्या घरात तारकेची खूण होई आणि ओळ पडद्यावरून लपविली जाई. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती फाइलीतून जात असे. कित्येकांनी ती आज्ञा कधी दिलीच नाही. परिणामी जुनी फाइल उघडणाऱ्यास रद्द केलेल्या नोंदीही दिसतात.

त्यात चुकून रद्द झालेली मोलाची नोंद सापडू शकते, तशीच जाणूनबुजून झाकलेली गोष्टही सापडू शकते. कोणी देणगी जाहीर करून पुढे परिस्थितीमुळे ती मागे घेतली असेल. कोणाचे नाव गुप्तदानासाठी मुद्दाम पुसले असेल. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, अशा भावनेने दिलेले दान तीस वर्षांनी पडद्यावर झळकविणे हा दात्याचा विश्वासघात ठरेल. वाचता येते म्हणून सर्व काही प्रसिद्ध करावे, असा अर्थ मुळीच नाही. पुनर्वाचनाचे काम दोन-तीन जबाबदार व्यक्तींच्या देखरेखीखाली व्हावे आणि काय उघड करायचे याचा निर्णय विश्वस्तांनी घ्यावा.

जगातील दोन अनुभव

ही अडचण केवळ लहान संस्थांची आहे असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या आज्ञेने जमीनमहसुलाची प्रसिद्ध 'डूम्सडे' नोंदवही तयार झाली. तिला ९०० वर्षे झाल्यानिमित्त १९८६ साली बी.बी.सी.ने देशभरातील लाखो लोकांच्या सहभागातून नवी संगणकीय नोंदवही केली आणि ती लेझर चकत्यांवर साठविली. जेमतेम पंधरा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. अखेर लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारा कार्यक्रम लिहून २००२ साली ती माहिती पुन्हा दृष्टीस आणली. चर्मपत्रावरील मूळ नोंदवही मात्र नऊ शतकांनंतरही वाचता येत होती.

दुसरा अनुभव अमेरिकेचा. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी पाठविलेली माहिती चुंबकीय फितींवर होती. सुमारे दोन दशकांनंतर जोसेफ मिलर या शास्त्रज्ञाने ती मागितली, तेव्हा तिची रचना जाणणारे कोणी उरले नव्हते. त्या वेळचे कागदी छापील तक्ते जपलेले होते, म्हणून त्यांच्या आधारे काम पुढे गेले. मंगळापर्यंत पोहोचलेल्या देशालाही शेवटी कागदानेच हात दिला.

मोडीचे दफ्तर आणि ताडपत्रे

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची ओळख संगणकाच्या फार पूर्वीपासून आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर मोडी लिपीत आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, कारण तेव्हा मोडी सहज वाचणारे लोक होते. पुढे मोडी शिक्षणातून व व्यवहारातून गेली. २०२३ साली शासनाने जुन्या महसुली नोंदींची तपासणी हाती घेतली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची उणीव तीव्रतेने भासली. कागद कपाटात होतेच, वाचकांचा शोध घ्यावा लागला.

जैन समाजाच्या इतिहासातील उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. षट्‌खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे प्राचीन कन्नड लिपीत सुरक्षित होती. भाविक त्यांचे दर्शन घेत, परंतु वाचन जवळजवळ लोपले होते. मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या श्रावकांनी खटपट केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करण्याच्या कामास चालना मिळाली. जुनी लिपी जाणणारे पंडित अद्याप हयात होते, हे मोठेच भाग्य. १९३९ साली प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित झाला आणि १९५८ साली सोळाव्या खंडाने ते कार्य पूर्ण झाले. पूजेत असलेले ज्ञान पुन्हा वाचनात आले, ते जाणकार हयात असताना कोणीतरी जागे झाले म्हणून.

संगणकीय नोंदींच्या बाबतीतही हीच वेळ येऊन ठेपली आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये २०११ साली डिजिटल जतनासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, ही समाधानाची बाब होय. परंतु प्रत्येक संस्थेच्या माळ्यावरील डब्यापर्यंत शासन पोहोचणार नाही. १९८८ साली पंचविशीत असलेला प्रोग्रॅमर साठी ओलांडून गेला आहे आणि त्याला रकाने सांगणारे मुनीमजी ऐंशीच्या घरात आहेत. अभियंता रकान्याच्या सीमा शोधून देईल, पण त्या रकान्यात काय आहे हे वडीलधारी मंडळीच सांगू शकतील. दोघांनी एका मेजाशी बसण्याची हीच वेळ आहे.

किल्ली वहीतच बांधावी

काय करावे, याचे उत्तर फारसे खर्चिक नाही. जुन्या फ्लॉपी, सीडी व हार्ड डिस्क एकत्र कराव्यात, त्यांवरील मजकुराची प्रथम निखळ प्रत काढावी. वाचलेली माहिती कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या मजकुराच्या स्वरूपात, युनिकोडमध्ये ठेवावी. महत्त्वाच्या याद्या चांगल्या कागदावर छापून बांधून घ्याव्यात. आणि सर्वांत आवश्यक म्हणजे एका पानाचे किल्लीपत्रक करावे. कोणत्या रकान्यात काय आहे, कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते खाते, वर्ष कोणत्या संवताचे, संक्षेपांचे पूर्ण रूप काय आणि ही माहिती कोणाकडून मिळाली, एवढेच त्यात लिहावे. ते पत्रक बांधीव वहीच्या पहिल्या पानावर, जेथे 'श्री' लिहिली जाते, त्याच्या खालीच चिकटवावे. नवा कार्यक्रम घेतानाही विक्रेत्याकडून असे पत्रक लेखी मागून घेण्याचा परिपाठ ठेवावा.

पन्नास वर्षांत संस्था उभी राहते ती इमारतीमुळे नव्हे, तर हजारो लहानमोठ्या हातांनी दिलेल्या दानामुळे. कोणी पाच रुपये दिले, कोणी पाच हजार. त्यांपैकी कित्येकांची नावे शिलालेखावर नाहीत, ती केवळ पावतीच्या नोंदीत आहेत. ती नोंद मुकी राहिली, तर ते दातेही विस्मृतीत जातील. शताब्दीची स्मरणिका सिद्ध करताना त्या वेळच्या कार्यकर्त्यांना या काळाची पाने कोरी न दिसता नावानिशी भरलेली दिसावीत, एवढी दक्षता सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी घेतली जावी, हीच अपेक्षा.